मध्याह्नाची घंटा आणि निसटलेली तीन नावे

येरमाळ्याच्या डोंगरावर जिचे ठाणे आहे त्या आई येडेश्वरीला, आणि प्रत्येक आरंभापाशी जो उभा असतो त्या विघ्नहर्त्याला साष्टांग नमस्कार करून हे लेखन हाती घेतो. निमित्त असे, की परवा येरमाळ्याजवळच्या एका गावी, तेथील बुद्धविहारात, एका वृद्ध शेतकऱ्याच्या निधनानंतरच्या पुण्यानुमोदनाला मी जाऊन आलो. वंदना झाल्यावर त्यांच्या कन्येने, ज्या कळंबला शाळेत शिकवतात, मला विनविले, “गुरुजी, दोन शब्द बोला. तुमच्या घंटेची गोष्ट बाबा आम्हाला लई वेळा सांगायचे. पण ती त्यांच्या बाजूची. तुमची बाजू कुणीच ऐकली न्हाय.” मी उभा राहिलो, दोन वाक्ये कशीबशी बोललो आणि खाली बसलो. जे तेथे बोलवले नाही ते येथे लिहितो.

माझे बालपण गोदाकाठच्या एका वेदपाठशाळेत गेले. पुढे इंग्रजी शिकून मॅट्रिक झालो. त्या काळी नुसत्या याज्ञिकीवर चूल पेटत नव्हती, म्हणून कळंब तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी विभागात कारकून म्हणून रुजू झालो. माझे काम एकच होते. कोणाचा ऊस कोणत्या क्रमाने तोडायचा, ती पाळीची यादी सांभाळायची. उसाच्या लागणीच्या तारखेप्रमाणे सभासदांची नावे लागत. ज्याची पाळी येई त्याच्या फडात तोडणीची टोळी उतरे. पाळीपूर्वी कोणाचा ऊस तुटत नसे आणि पाळी चुकली तर तो पुढे तुटेलच याची शाश्वती नसे.

मी सांगतो आहे तो ऐंशीनंतरच्या दशकाचा उत्तरार्ध. पावसाने पाठ फिरविल्याचे ते सलग तिसरे वर्ष होते. विहिरींच्या तळाशी उतरून बायका वाटीने पाणी भरत. उभ्या उसाला पाणी मिळेना. उसाला तुरे आले, पाने करपली, आणि कांडे आतून पोकळ होऊ लागले. कारखाना लवकरच पट्टा पाडणार, म्हणजे त्या हंगामाचे गाळप बंद करणार, अशी कुणकुण सर्वत्र होती. अशा वर्षी यादीतले एकेक नाव म्हणजे एकेका घराचा श्वास होता, हे मी यादी सांभाळणारा विसरत नव्हतो. विसरलो असतो तर पुढचे दुःख कमी झाले असते.

त्याच वर्षी कारखान्यात संगणक आला. त्याच्यासाठी कचेरीच्या मागच्या बाजूची खोली निवडण्यात आली. धूळ नको म्हणून खिडक्या विटांनी बुजविल्या, भिंतींना लाकडी फळ्या ठोकल्या, थंड हवेचे यंत्र बसविले आणि दाराला हातभर रुंदीची एक काच ठेवली. आत जाताना पादत्राणे बाहेर काढावी लागत. माझ्याखेरीज कोणाला प्रवेश नव्हता. ते काम माझ्याकडे येण्याचे कारण साधे होते. एकही ओळ न गाळता तासन् तास लिहीत बसण्याची सवय मला होती, आणि इतरांना त्या यंत्राची भीती वाटत होती. शेतकी अधिकारी म्हणाले होते, “गुरुजी, तुम्ही सोवळ्यातले माणूस. ही खोली तुम्हालाच शोभते.”

प्रथम मलाही ती शोभली. गाभाऱ्यात बसल्यासारखे वाटे. पंधरवडा गेला आणि ध्यानात आले, की पुजाऱ्याला गाभाऱ्यातून बाहेर पडण्याची वेळ देवच ठरवून देतो. मला ती सांगणारे तेथे काहीच नव्हते. सकाळ, दुपार, सायंकाळ सारी एकाच नळीच्या उजेडात बुडालेली. थंड हवेच्या यंत्राची अखंड घरघर. सावली नाही, ऊन नाही. मुंज झाल्यापासून माझी माध्याह्न संध्या कधी चुकली नव्हती. या खोलीत ती चुकू लागली. काम संपवून दार उघडावे तर सूर्य पश्चिमेला कललेला असे. ऋतूच्या, दिवसाच्या, आणि स्वतःच्या नेमाच्याही बाहेर कोणीतरी आपल्याला कोंडून ठेवले आहे, अशी भावना मनात घर करू लागली. नोकरी सोडण्याची सोय नव्हती.

यंत्र बसवून देणारे पुण्याचे अभियंते जाताना एक छायाप्रतींची पुस्तिका मजपाशी ठेवून गेले होते. शब्दकोश जवळ ठेवून ती मी वाचू लागलो. तिच्यात एके ठिकाणी जे वाचले त्याने मी चकित झालो.

त्या यंत्राच्या स्मृतीच्या अगदी आरंभी, पहिल्या घरापासून, दोनशे छप्पन्न पत्त्यांची एक माळ असते. कळ दाबली गेली, घड्याळाचा ठोका पडला, चकतीचे वाचन संपले, की यंत्राला एक हाक येते. हाक आली की यंत्र हातातले काम जेथे असेल तेथे थांबविते, आपली जागा एका राशीवर नोंदून ठेवते, माळेतला नेमका पत्ता पाहून तेथे जाते, तेथले काम आटोपते आणि राशीवरून आपली जागा उचलून पूर्वीच्या कामाला पुन्हा लागते. मूळ कामाला मध्ये खंड पडल्याचा पत्ताही लागत नाही. पाठशाळेत आम्हांला हेच शिकविले होते. पारायण चालू असता गुरूंची हाक आली तर अंगठा बोटाच्या पेरावर ठेवायचा, उठायचे, सांगितलेले काम करायचे, आणि परत येऊन त्याच पेरापासून पुढे म्हणायचे. रास म्हणजे यंत्राचे पेर, हे मला सहज पटले.

घड्याळाची हाक सेकंदाला सुमारे अठरा वेळा येते, असेही त्यात लिहिले होते. ते वाचून मनात एक विचार आला, आणि तो विचारच या साऱ्या गोष्टीचे मूळ आहे. घड्याळाच्या हाकेचा पत्ता मी माझा घातला तर? माझे काम आटोपल्यावर जुन्या पत्त्यालाही मान देऊन मी वाट करून दिली तर? मग ठोके मोजत मोजत बरोबर मध्याह्नी यंत्रच मला हाक मारील.

ते लिहायला मला दीड महिना लागला. रोज सकाळी यंत्र सुरू करताना दिनांक आणि वेळ हाताने घालावी लागे. ती मी कचेरीच्या भिंतीवरच्या घड्याळाशी पडताळून घाली. आणि एके दिवशी, त्या बुजविलेल्या खोलीत, यंत्राने तीनदा नाद केला. बाहेर येऊन पाहतो तो सूर्य माथ्यावर. मी हौदापाशी जाऊन हातपाय धुतले आणि अर्घ्य दिले. इतका आनंद मला पहिल्या पगाराच्या दिवशीही झाला नव्हता. घंटेविषयी मी कोणाला सांगितले नाही. ते माझे आणि यंत्राचे खासगी होते, असे मी मानले.

आता ज्या दोषावर सर्व अवलंबून आहे तो सांगतो. काम करताना यंत्राच्या हाताशी मोजकेच खण असतात. हाकेला गेलेल्याने त्यांतले जे खण वापरायचे असतील त्यांतल्या मूळ वस्तू आधी राशीवर जपून ठेवायच्या आणि निघताना जशाच्या तशा परत भरायच्या, हा नियम. मी दोन खण जपले. तिसरा जपला नाही. त्या तिसऱ्या खणाची मला वस्तुतः गरजच नव्हती. तीन नादांसाठी एकच आज्ञा मी तीनदा लिहिली होती. मोजण्याचे कारण नव्हते. परंतु मोजल्यावाचून केलेला जप वाया जातो, असे ज्याच्या कानावर लहानपणापासून पडले आहे, त्याचा हात नुसता नाद करून थांबेना. प्रत्येक नादानंतर मी त्या खणात एक मिळवीत गेलो. माळेचा मणी ओढावा तसा. आणि तो खण तसाच ठेवून परत फिरलो. त्यात आधी कोणाचे काय होते, याचा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

इतर दिवशी त्यातून काही बिघडले नाही, कारण मध्याह्नी यंत्र बहुधा माझ्या कळीची वाट पाहत रिकामे बसलेले असे. माघ महिन्यातल्या एका दुपारी तसे नव्हते. शेतकी अधिकाऱ्यांनी एक चिठ्ठी दिली होती. एका सभासदाची विहीर पूर्ण आटली, त्याचे नाव वर घ्या. यंत्रातली यादी कागदासारखी ओळीने लिहिलेली नव्हती. प्रत्येक नोंदीच्या शेवटी पुढच्या नोंदीचा क्रमांक असे, आणि त्या क्रमांकांचा हात धरून यंत्र एका नावावरून दुसऱ्या नावावर जाई. नाव वर घ्यायचे म्हणजे तीन ठिकाणचे क्रमांक बदलायचे. मी आज्ञा दिली, कळ दाबली, आणि त्याच क्षणी घंटा वाजली. मी हात जोडले. एका आटलेल्या विहिरीच्या मालकाचे नाव वर चढले आणि नेमका तेव्हाच मध्याह्न झाला, याला मी शुभशकुन समजलो. हे लिहिताना आजही लाज वाटते.

तीन आठवड्यांनी, ज्यांच्या पुण्यानुमोदनाला मी परवा गेलो ते गृहस्थ प्रथम आले. वय माझ्याएवढेच. डोक्याला पांढरे फडके, अंगात हाताने शिवलेली बंडी. वडिलांच्या काळी त्यांचे घराणे बौद्ध झालेले. दीड एकर ऊस, आणि तो त्यांनी स्वतः विहीर खणून लावलेला. दाराच्या काचेवर त्यांनी बोटाने हलकेच टकटक केली. मी दार किलकिले केले.

“गुरुजी, माझ्या म्होरच्याचा ऊस तुटला, माझ्या मागच्याचाबी तुटला. टोळी माझ्या बांधावरून गेली. माझी पाळी कुठं गेली, तेवढं बघा.”

मी यादी छापून घेतली. त्यांचे नाव तीत नव्हते. दोनदा पाहिले, तरी नव्हते. मला वाटले, त्यांच्या लागणीची चिठ्ठीच पोहोचली नसेल, नोंदच झाली नसेल. म्हणून त्यांना शेतकी अधिकाऱ्यांकडे नेले. अधिकारी चहा पीत होते. त्यांनी यादीवर बोट फिरविले आणि म्हणाले, “यंत्रात नाव नाही म्हणजे नोंद दिली नसणार. यंत्र काय कोणाचं नाव खातं?”

“नोंद दिली हाय की साहेब. पावती हाय माझ्याजवळ.”

“पावती कसलीही असते हो. तुम्ही उद्या या.”

“उद्या येत न्हाय,” ते शांतपणे म्हणाले. “जातच न्हाय, तर येऊ कशाला?”

आणि ते येऊन माझ्या खोलीच्या पायरीवर बसले. भाकरीचे फडके त्यांनी बरोबर आणले होते. फक्त रात्रीपुरते गावी जात आणि सकाळच्या पहिल्या एसटीने परत येऊन तेथेच बसत. कोणाशी भांडत नसत. मला आत-बाहेर करताना त्यांच्याशेजारून जावे लागे, आणि माझ्या चपला त्यांच्या गुडघ्याशी काढलेल्या असत. खोलीतून मान वर केली की काचेत त्यांच्या फडक्याचा पांढरा काठ दिसे. आता मी आत कोंडलेला होतो आणि दाराशी पहारा होता, परंतु तो पहारा असा, की ज्याच्यावर रागावताही येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाहेर आलो तेव्हा ते म्हणाले, “गुरुजी, एक इचारू? राग मानू नका.”

“विचारा.”

“माझंच नाव कसं गेलं? सोळा गावांत नावं हाईत. गेलं ते माझंच.”

 पुढचे त्यांनी म्हणण्याची आवश्यकता नव्हती. मी जानवे घातलेला मनुष्य, ते कोण, हे दोघांनाही ठाऊक होते. “तसं काही नाही,” इतकेच मी बोललो, आणि माझेच शब्द मला पोकळ उसासारखे वाटले. कारण तसे नाही तर मग कसे, हे मला तरी कोठे माहीत होते?

त्याच दिवशी मी जुने बस्ते सोडले. यंत्र येण्यापूर्वीची हस्तलिखित नोंदवही त्यांत होती, आणि तीत त्यांचे नाव ठसठशीत होते. म्हणजे नोंद झाली होती. मग यंत्रातली छापील यादी आणि ती वही समोरासमोर ठेवून मी क्रमपाठ म्हणू लागलो. क्रमपाठात पद एकेकटे म्हणत नाहीत. पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे, तिसरे-चौथे, असे प्रत्येक पद पुढच्याचा हात धरून येते, म्हणून मधले गळाले तर जिभेला ताबडतोब ठेच लागते. आमच्या पूर्वजांनी पाठ शुद्ध राखण्यासाठी हे योजिले. मी सभासदांची नावे तशी जोडीजोडीने म्हणत गेलो, आणि एका जोडीपाशी ठेच लागली. ज्यांची विहीर आटली म्हणून वर घेतलेले ते सभासद, आणि त्यांच्या पुढचे नाव. वहीतही त्या सभासदांना चिठ्ठीप्रमाणे वर धरले, तर त्या दोघांच्या मध्ये तीन माणसे उरत होती.

यंत्रात त्या तिन्ही नोंदी शोधल्या. त्या होत्या. जागेवर, अक्षरशः अबाधित होत्या. नाव, गाव, क्षेत्र, लागणीची तारीख, सर्व. फक्त त्यांच्याकडे जाणारा क्रमांक कोणाच्याही शेवटी उरला नव्हता. घर आहे, माणूस आत आहे, आणि गावातली एकही वाट त्या घराकडे जात नाही, असे काहीसे.

तीन नावे. जेथे जायचे तो क्रमांक त्या वेळी माझ्या तिसऱ्या खणात असणार, आणि त्यात तीन अधिक मिळालेले. वर घेण्याची तारीख पाहिली आणि ती दुपार आठवली. नाद किती झाले होते, ते आठवावे लागले नाही.

 बाहेर जाण्याची इच्छा होती, पण दाराशी ते होते.

तिघांपैकी दोघांचे काय झाले याची चौकशी केली. एकाने वाट पाहून ऊस गुऱ्हाळाला घातला होता. दुसऱ्याने जनावरांच्या छावणीला चारा म्हणून दिला होता. “आमचं नशीब,” म्हणून त्यांनी विचारणाही केली नव्हती. विचारायला आले ते एकटे हेच गृहस्थ, आणि त्यांचा ऊस अजून उभा होता. टोळ्या परत जाण्याच्या बेतात होत्या. एक टोळी वळवायची तर शेतकी अधिकाऱ्यांची सही हवी, आणि सहीसाठी लेखी कारण हवे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अधिकाऱ्यांना इतकेच सांगितले, की यंत्रातला एक दुवा तुटला आहे. ते दचकले. त्यांनी दार लावून घेतले.

“गुरुजी, हे बाहेर गेलं तर हजार माणसं या कचेरीत घुसतील. जो तो म्हणेल, माझंही नाव तसंच मागं पडलं. कोणाकोणाला उत्तर देणार?” मग त्यांनी एक कागद पुढे सरकविला. “असं लिहू. अर्जदाराने नोंद मुदतीत दिली नाही, तरी दुष्काळामुळे सहानुभूतीने पाळी देण्यात येत आहे. तुम्ही सही करा, मी करतो. त्याचं काम होईल, आपलंही.”

“आणि त्यांनी नोंद दिली होती, त्याचं?”

“त्याला ऊस तुटल्याशी मतलब. कागद वाचायला तो येतोय होय?”

मी तो कागद घेऊन खोलीत आलो. दार लावले. आयुष्यात इतका कोंडलेला मी कधी नव्हतो. सही करावी तर त्यांचा ऊस त्याच दिवशी तुटणार. न करावी तर माझ्या सत्यापायी तो वाळणार. सही करावी तर वहीत ठसठशीत लिहिलेल्या मनुष्याला मी लेखी खोटे ठरविणार, तेही उपकाराच्या भाषेत. आणि ‘माझंच नाव कसं गेलं’ या प्रश्नाला तो कागद जन्मभर तेच उत्तर देत राहणार, जे त्यांनी मनाशी धरले होते. खरे सांगावे तर माझी संध्या, माझी घंटा, अधिकाऱ्यांपासून लपविलेले दीड महिन्याचे काम, सारे चव्हाट्यावर. नोकरी जाणे कठीण नव्हते. घरी पाच माणसे जेवणारी होती. लेखणी दोनदा उचलली आणि दोनदा ठेवली.

तेवढ्यात घंटा वाजली. एक, दोन, तीन.

मी मान वर केली. काचेबाहेर त्यांनीही वर पाहिले होते. नाद त्यांच्याही कानी रोज पडत असणार. आमची दृष्टादृष्ट झाली. यंत्राला हाक आली की ते हातातले काम ठेवून उठते; मी तर माणूस होतो. मी उठलो, दार सताड उघडले आणि म्हटले, “आत या.”

“आत? पायाला धूळ हाय माझ्या.”

“असू द्या. या.”

ते आले. थंड हवेने शहारले आणि भिंतीशी उभे राहिले. मी त्यांना खुर्चीवर बसविले, वही दाखविली, छापील यादी दाखविली, आणि जमेल तितक्या साध्या शब्दांत सर्व सांगितले. पुढच्याचा हात धरून चालणारी नावे. माझी घंटा. जपून न ठेवलेला खण. त्यांनी मध्ये एकच प्रश्न केला.

“म्हंजी मला कुणी काढलं न्हाय?”

“मी काढलं. ठरवून नव्हे. पण काढलं ते मीच.”

त्यांनी पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांवर बोट ठेवले. मग हलकेच म्हणाले, “ही घंटा म्या तीन दिस ऐकतोय. मनात म्हणायचो, गुरुजींचा देव वेळेवर उठतो, माझी पाळी मातर उठंना.” आणि पुढे, “ह्ये भायेर सांगा, गुरुजी. मला एकट्याला कोपऱ्यात सांगून काय उपेग? माझं नाव चव्हाट्यावर गेलंय, ते चव्हाट्यावरच परत यावं.”

मी अधिकाऱ्यांचा कागद सही न करता परत केला. दुपारी वजनकाट्यापाशी गाड्यावाले, सभासद, टोळ्यांचे मुकादम जमलेले असत. तेथल्या कडुनिंबाखाली उभा राहून मी जे घडले ते सांगितले. एकही पद गाळले नाही.  मग मागून कोणीतरी म्हणाले, “आजवर उंदरानं ऊस खाल्ला, डुकरानं खाल्ला. औंदा गुरुजींच्या संध्येनं खाल्ला.” सगळे हसले. ते गृहस्थही हसले. मी हसू शकलो नाही, पण त्या हसण्याने अधिकाऱ्यांची भीती खोटी ठरली. कोणी कचेरीत घुसले नाही. काहींनी आपापली नावे पाहून घेतली, इतकेच. अधिकाऱ्यांनी खऱ्या कारणाच्या कागदावर सही केली; माझ्याकडे मात्र पुढचे कित्येक दिवस पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी टोळी त्यांच्या फडात उतरली. मीही गेलो होतो. ऊस तोडला की मुळाशी ओला आवाज येतो, तो तेथे येत नव्हता. निम्मी कांडी हलकी लागली. चार गाड्या भरतील अशी ज्याची आशा होती तो ऊस अडीच गाड्यांत मावला. मी हात जोडून उभा राहिलो. ते म्हणाले, “उभं का राहता गुरुजी, पाचट उचला,” म्हणून मी दिवसभर उसाच्या वाळल्या पानांचे ते पाचट उचलले. झालेली हानी त्याने भरून आली नाही, हे मला ठाऊक होते आणि त्यांनाही.

घंटा मी त्याच आठवड्यात काढली. माळेत जुना पत्ता होता तसा ठेवला. त्याबरोबर मला त्या खोलीतून मुक्त करावे, असा अर्जही दिला. तो फेटाळला गेला. “तुमच्याशिवाय चालवणार कोण?” असे अधिकाऱ्यांनी वर न पाहताच विचारले. चूक ज्याने केली त्यालाच ती कोठे आहे हे माहीत होते, म्हणून तोच तेथे बांधला गेला. निवृत्तीपर्यंत, म्हणजे पुढची अनेक वर्षे, मी त्याच बुजविलेल्या खिडक्यांच्या आत बसलो. संध्या पुष्कळदा चुकली. ती चुकली की अंगठा पेरावर ठेवून मी मनात नोंद करी आणि सायंकाळी प्रायश्चित्त घेई.

एक गोष्ट मात्र बदलली, आणि ती त्या गृहस्थांनी बदलविली. त्यांनी सभेत उठून मागणी केली, की हंगामात दर सोमवारी यादी कडुनिंबाखाली मोठ्याने वाचली जावी. ती मान्य झाली. मी ती क्रमपाठाने वाचू लागलो. पहिले नाव आणि दुसरे, दुसरे आणि तिसरे. ऐकणाऱ्याला आपले नाव दोनदा ऐकू येई, एकदा मागच्याबरोबर आणि एकदा पुढच्याबरोबर. मराठा, धनगर, मुसलमान, बौद्ध, सगळ्यांची नावे एकमेकांचा हात धरून माझ्या मुखातून जात. जो पाठ मी गुरुगृही केवळ वेदासाठी शिकलो होतो तो तेथे तोडणीच्या यादीला लागला. याचा मला संकोच वाटला नाही. गुरूंना वाटला असता की नाही, सांगता येत नाही.

ते गृहस्थ दर सोमवारी पहिल्या ओळीत येऊन बसत. कधी एखादे नाव मी घाईत घेतले, की म्हणत, “सावकाश, गुरुजी. मधी कुणी ऱ्हायलं का बघा.” त्यांचा ऊस तुटून गेल्यावरही ते यायचे. एकदा मी विचारले, “तुमची पाळी तर होऊन गेली, मग?” तेव्हा म्हणाले, “व्हय की. पण मला कळतंय ना, न्हाय ऐकू आलं की कसं वाटतं.”

परवा विहारातून निघताना त्यांच्या कन्येने सांगितले, की शेवटच्या आजारात शुद्ध हरपत असताना त्यांनी एकदा विचारले होते, “सोमवार हाय का आज? गुरुजींनी वाचलं का?” मी तेथल्या पायरीवर बसून चपला घातल्या. घालायला फार वेळ लागला. मग पायरीवरूनच, कोणाला ऐकू जाणार नाही अशा स्वरात, त्या गावातल्या जुन्या सभासदांची जितकी नावे आठवली तितकी जोडीजोडीने म्हटली. त्यांच्या नावापाशी आलो तेव्हा ते मागच्याबरोबर म्हटले आणि पुढच्याबरोबरही म्हटले.

हे वाचणाऱ्या सज्जना, आई येडेश्वरी तुझ्या विहिरीला पाझर देवो आणि तुझ्या चुलीला जळण. हाक आली असता तुला उठण्याचे बळ मिळो, आणि परत आल्यावर तुझी जागा तुला जशीच्या तशी सापडो. तुझ्या घरातले एकही माणूस कोणाच्या यादीतून न निसटो. आणि कधी निसटलेच, तर विचारायला येऊन दाराशी बसण्याचा धीर त्याला लाभो, आणि आत बसलेल्याला दार उघडण्याचा. शुभं भवतु.